डोकं दुखतंय आणि हार्टमध्ये भोक निघालंय!

मागच्या अंकात मायग्रेनवरच्या एका उत्तरात जाता जाता एक ओळ आली होती, की ऑरासकट (म्हणजे डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकणं, मुंग्या येणं असं होऊन) मायग्रेन होणाऱ्या बऱ्याच लोकांच्या हृदयात एक छोटं जन्मजात भोक सापडतं. बाकी पानभर लिहिलेलं सगळं राहिलं बाजूला आणि त्या एका ओळीवर पत्रांचा नुसता पाऊस पडलाय, ईमेल तर ईमेल, दोघांनी चक्क कुरिअरने इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, सीडी पाठवल्यात (माझ्याकडे सीडी लावायला काही नाहीये, प्लीज नका पाठवू). म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयावर. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न: डॉक्टर, मी मुलुंडला राहते, वय ३४, नोकरी बीकेसीला. बारावीपासून मायग्रेन आहे. आधी डोळ्यांसमोर चमकतं, म्हणजे फोनवर मेसेज वाचत असते तर मधलीच अक्षरं गायब होतात, मग तिथे एक वाकडीतिकडी झगमगणारी रेघ येते, ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकते, आणि वीसेक मिनिटांनी ती गेली की डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात. महिन्यातून तीन-चारदा तरी. आता नवऱ्याच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी बबल इको करायला सांगितला, त्यात पीएफओ निघाला. नवरा म्हणतो कारण सापडलं ना, बंद करून टाकू, इन्शुरन्स आहेच. जाऊबाईंनी पण कुठेतरी वाचलंय की भोक बुजवलं की मायग्रेन कायमचा जातो. मला भीती वाटते पण हे सहनही होत नाही. करू का?

उत्तर: ताई, घाई करू नका, हे आधी सांगते आणि मग का ते सांगते.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, ऑक्सिजन मिळतो तो वारेतून. त्यामुळे रक्त फुप्फुसांत पाठवून काही उपयोग नसतो आणि म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक वाट ठेवलेली असते, उजवीकडून थेट डावीकडे. बाळ जन्मलं, रडलं, फुप्फुसं उघडली की डाव्या बाजूचं प्रेशर वाढतं आणि त्या वाटेवरची झडप मिटते, पुढे हळूहळू चिकटून जाते. बहुतेकांची चिकटते, साधारण चारांतल्या एकाची चिकटत नाही. दार लोटलेलं आहे पण कडी लागलेली नाही, एवढंच. खोकला, शिंक, संडासला जोर, जड सामान उचलणं, असं काही झालं की ते क्षणभर किलकिलं होतं आणि थोडं रक्त फुप्फुसात न जाता परस्पर पलीकडे निघून जातं. याला म्हणायचं पेटंट फोरामेन ओव्हेल, म्हणजेच तुमच्या रिपोर्टमधला पीएफओ. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पोस्टमॉर्टेमच्या वेळी ९६५ हृदयं तपासली होती, १९८४ साली ते छापून आलं, त्यात २७ टक्के हृदयांत ही वाट उघडी होती. ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात तीनच्या सीटवर चौघी बसतो ना आपण, त्या चौघींत सरासरी एकीला हे असणार, आणि तिला जन्मभर पत्ताही लागणार नाही.

आता मायग्रेनशी संबंध काय. ज्यांना तुमच्यासारखा ऑरा येतो त्यांच्यात हे भोक जास्त सापडतं, बऱ्याच अभ्यासांत ४० ते ६० टक्क्यांपर्यंत. ज्यांना ऑरा नसतो, नुसतंच अर्धं डोकं दुखतं, त्यांच्यात ते बाकीच्या जगाइतकंच. हे वाचून कोणालाही वाटेल की चला, ठरलं. पण २०१० साली अमेरिकेतच १४४ मायग्रेनवाले आणि तेवढेच मायग्रेन नसलेले असे शेजारी शेजारी ठेवून तपासले तर एका गटात २६.४ टक्के आणि दुसऱ्यात २५.७ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे हा संबंध तुमच्या जाऊबाई समजतात तितका पक्का नाहीये.

संबंध असलाच तर तो कसा असेल याचे दोन-तीन तर्क आहेत. आपली फुप्फुसं गाळणीचंही काम करतात, शिरांमधल्या बारीक बारीक गुठळ्या तिथे अडकून विरघळतात, सिरोटोनिनसारखी रसायनंही तिथे बरीचशी मोडली जातात. भोकातून रक्त परस्पर पलीकडे गेलं तर हे सगळं न गाळता मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथे एक लाट सुरू होते असं काही लोक मानतात. ही लाट म्हणजे काय, तर मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी आधी भडकतात आणि मग काही वेळ गप्प पडतात, आणि हे मिनिटाला तीनेक मिलिमीटर अशा वेगाने पुढे पुढे सरकतं. आरिस्तिदेस लिआऊ नावाच्या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये सशांच्या मेंदूवर हे पहिल्यांदा दाखवलं. तुमची ती झगमगणारी रेघ हळूहळू मोठी होत सरकते ना, ती ही लाट तुमच्या मेंदूच्या बघण्याच्या भागावरून चालत जात असते म्हणून. उंदरांमध्ये अगदी बारीक गुठळ्यांनी अशी लाट सुरू करून दाखवलेली आहे. दुसरा तर्क एकदम साधा, की काही घराण्यांत भोक आणि मायग्रेन दोन्ही वारशाने बरोबर येतात, एकाने दुसरं होतच नाही. आणि हा दुसरा तर्क खरा असेल तर भोक बुजवून डोक्याला काय फरक पडणार, सांगा.

तर आता मुद्द्याचं, बुजवून फरक पडतो का. सुरुवातीला ज्या लोकांचं भोक दुसऱ्याच कारणासाठी बंद केलं त्यातले बरेच जण सांगायला लागले की मायग्रेन गेला की हो! मग ब्रिटनमध्ये नीट ट्रायल झाली, मिस्ट नावाची, २००८ मध्ये रिझल्ट आले. १४७ पेशंट, ७४ जणांचं भोक खरंच बंद केलं आणि ७३ जणांना भूल देऊन जांघेत फक्त छोटा कट दिला, आत काही केलंच नाही, आणि कोणाला काय केलंय हे पेशंटला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी बघितलं तर मायग्रेन पूर्ण थांबलेले या गटात तीन आणि त्या गटातही तीन. बरोब्बर सारखे. (या ट्रायलमागे मोठी भानगडही आहे. त्यातलेच एक मुख्य हृदयतज्ज्ञ पीटर विल्मशर्स्ट यांनी आकड्यांवर शंका घेतली, तर भोक बुजवायचं डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीने त्यांना बदनामीच्या केसमध्ये कोर्टात खेचलं, ती केस काही वर्षं चालली आणि २०११ मध्ये कंपनीच बंद पडली. सवडीने वाचा, सिरीयल झक मारते.) मग २०१६ मध्ये प्रिमा नावाची, १०७ पेशंटची, तीही ठरवलेलं टार्गेट गाठू शकली नाही. २०१७ मध्ये प्रीमियम, २३० पेशंट, यातही एका गटाला खोटं ऑपरेशन. अटॅक निम्म्याने कमी झालेले लोक बंद केलेल्या गटात ३८.५ टक्के आणि खोट्या ऑपरेशनच्या गटात ३२ टक्के, म्हणजे इथेही सिद्ध काही झालं नाही.

पण, आणि हा पण प्रामाणिकपणे सांगायला हवा, त्याच प्रीमियममध्ये मायग्रेन साफ बंद झाला असे बंद केलेल्या गटात साडेआठ टक्के निघाले आणि दुसऱ्यात एक टक्का. म्हणजे कोणीतरी मोजके लोक असावेत ज्यांना याचा खरंच फायदा होतो, बहुधा भरपूर ऑरा येणारे. पण तो मोजका माणूस कोण हे आधी ओळखायची खात्रीची टेस्ट आज कोणाच्याही हातात नाही. आणि खोट्या ऑपरेशननेही तिसऱ्या हिश्श्याला बरं वाटलं हे बघितलंत ना, म्हणूनच ओळखीतल्या अमक्याचं बरं झालं याला मी फार भाव देत नाही. मायग्रेन मुळात आपला आपण चढतो-उतरतो, आणि माणूस ऑपरेशनपर्यंत जातो तो सगळ्यात वाईट महिन्यात, त्यानंतर बरं वाटणारच.

प्रोसिजर तशी मोठी नाही, जांघेतल्या शिरेतून वायर नेऊन छत्रीसारख्या दोन चकत्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसवतात, तासाभराचं काम. पण ती जाळी आयुष्यभर आत राहते, पुढचे काही महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या, काही जणांना हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागतात. नुसत्या मायग्रेनसाठी हे सगळं अंगावर घ्यायला मी सांगणार नाही, आणि जगभरचे बहुतेक तज्ज्ञही सध्या तेच म्हणतात. इन्शुरन्स आहे म्हणून ऑपरेशन, हे तर कारणच नाही, आणि नुसत्या मायग्रेनसाठी केलेली क्लोजर कंपनी मंजूर करेल हेही गृहीत धरू नका.

त्याऐवजी एक विचारते, तुम्ही रोज घ्यायची प्रिव्हेंटिव्ह गोळी कधी सलग दोन-तीन महिने घेतली आहे का? पत्रात त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. महिन्यात चार अटॅक म्हणजे त्या गोळीचा विचार करायची वेळ झालेली असते. प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नाही), अॅमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट (दिवस राहायचा विचार असेल तर नाही), यातलं काय चालेल ते न्यूरोलॉजिस्टला ठरवू द्या. याने नाहीच भागलं तर सीजीआरपी नावाचं मायग्रेन भडकवणारं रसायन अडवणारी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात, महाग आहेत, पण जाळीपेक्षा त्यांच्यामागे पुरावा कितीतरी जास्त आहे. नवऱ्याला हे पान वाचायला द्या.

प्रश्न: मलाही मायग्रेन आहे, ऑरा नाही. मागच्या अंकातलं वाचून घरचे म्हणतात तूही ती बुडबुड्यांची टेस्ट करून घे. पण शिरेत हवा सोडतात म्हणे, त्याने माणूस मरतो ना? (दहिसर)

उत्तर: मरत नाही हो, पिक्चरमध्ये मरतो. टेस्ट अशी असते. हाताच्या शिरेत सुई लावतात, तिला तीन तोंडांची एक तोटी, दोन तोंडांना दोन सिरिंज. एकीत सलाइन आणि अगदी किंचित हवा, आणि मग ते या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये, त्यातून परत हिच्यात असं भराभर ढकलतात, दहा-बारा वेळा, सलाइन दुधाळ दिसायला लागेपर्यंत. ते झटकन शिरेत सोडतात आणि इकोच्या स्क्रीनवर बघत बसतात. उजवा कप्पा एकदम पांढराफट्ट भरून येतो, बघायला मजा वाटते. त्याच वेळी तुम्हाला सांगतात श्वास कोंडून जोर करा, आणि आता सोडा. सोडल्यावर तीन ठोक्यांच्या आत डाव्या कप्प्यात पांढरे ठिपके उडताना दिसले तर पीएफओ. भोक नसेल तर ते बुडबुडे फुप्फुसात अडकून संपतात. बुडबुडे इतके बारीक असतात की भोक असलं तरी सहसा काही होत नाही, काहींना दोन मिनिटं गरगरतं. साध्या इकोमध्ये पीएफओ बऱ्याचदा दिसतच नाही म्हणून हा खटाटोप, आणि अजून नीट बघायचं असेल तर नळी गिळायला लावून अन्ननलिकेतून इको करतात, ते मात्र जरा त्रासाचं.

पण तुम्ही का करताय? ऑरा नाही, स्ट्रोक झालेला नाही. सापडला तर काही करायचं नाहीये, नाही सापडला तरी काही करायचं नाहीये. नुसत्या मायग्रेनसाठी सरसकट पीएफओ शोधत बसू नये असंच आहे. हे पैसे ठेवा, दिवाळीला कामाला येतील.

प्रश्न: मॅडम, मी गिरगावात राहतो, निवृत्त आहे. मुलगी २८ वर्षांची, डोकेदुखीसाठी तपासण्या केल्या त्यात हृदयाला छिद्र आहे असे निघाले. तिचे लग्न ठरत आले आहे. आम्ही दोघे रात्र रात्र झोपलो नाही. मुलाकडच्यांना सांगावे का? बाळंतपणात धोका होईल का?

उत्तर: काका, तुम्ही रिपोर्टची झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत. त्यात पीएफओ लिहिलंय, एएसडी नाही. फरक मोठा आहे. एएसडी म्हणजे पडद्याचा तुकडाच कमी असतो, तिथून रक्त चोवीस तास इकडून तिकडे जात असतं, हृदयाची उजवी बाजू वर्षानुवर्षं जास्तीचा भार घेऊन मोठी होते, आणि मोठा एएसडी बंद करावाच लागतो. तुमच्या मुलीचं तसं नाही. तिच्या रिपोर्टमध्ये उजवी बाजू नॉर्मल आहे, फुप्फुसाचं प्रेशर नॉर्मल आहे. जे आहे ते वर सांगितलं तसं चारांतल्या एकाला असतं, आणि खरं सांगू का, नवऱ्या मुलालाही असू शकतं, त्याचा बबल इको कोणी केलाय का?

बाळंतपणाला या भोकाने सहसा काही अडत नाही, फक्त गायनॅकला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं, आणि तिला ऑरा येतो का तेही सांगायचं. लग्नाचं म्हणाल तर मुलाकडच्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही आणि काकूंनी रात्री जागून ठरवायचं नाही, मुलीने ठरवायचं, आणि तिने त्या मुलाला स्वतः सांगितलेलं उत्तम. मात्र सांगताना हृदयाला छिद्र हे शब्द बैठकीत काढू नका, ते ऐकून समोरच्या आत्याबाई काय अर्थ काढतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रिपोर्ट दाखवा, हवं तर कार्डिओलॉजिस्टकडून दोन ओळी लिहून घ्या की उपचारांची गरज नाही. तुम्ही तर गिरगावात, परळचं केईएम काही लांब नाही, तिथल्या कार्डिओलॉजी ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, वेळ जाईल पण खर्च फारसा नाही. आणि आता झोपा.

प्रश्न: वय २७, अंधेरी. पीसीओडीसाठी दीड वर्षं पाळीच्या गोळ्या चालू आहेत. मायग्रेन आधीपासून आहे, पण हल्ली त्याआधी डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, त्या हळूहळू वर चढत ओठापर्यंत जातात, बोलताना शब्द सापडत नाहीत, अर्ध्या तासात सगळं नॉर्मल. पीएफओ असेल का? कधीकधी सिगरेट पण होते, हे छापू नका.

उत्तर: छापलं, कारण नाव नाहीये आणि मुद्दा तोच आहे. तुमच्या पत्राने मला बाकी सगळ्या पत्रांपेक्षा जास्त काळजी वाटली, आणि तीही पीएफओची नाही.

तुम्ही वर्णन केलंय तो ऑराच दिसतो, मुंग्या अशा चालत चढणं हे त्याचं लक्षण. पण ऑरावाला मायग्रेन असलेल्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घ्यायच्या नसतात. गर्भनिरोधकं कोणी वापरावीत याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हे चौथ्या गटात येतं, म्हणजे वापरूच नये असा गट. ऑरामुळे मेंदूत गुठळी जाऊन स्ट्रोक व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो. तुमच्या वयात मूळ धोकाच इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो लहानच राहतो, हे खरं, पण त्यात इस्ट्रोजेनची गोळी आली, वर सिगरेट आली, की हे एकमेकांवर चढत जातं. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की गोळी देणाऱ्याने डोकं दुखतं का एवढंच विचारलेलं असतं आणि पेशंटने हो कधीकधी म्हटलेलं असतं, आधी डोळ्यांसमोर काही चमकतं का, मुंग्या येतात का, हे विचारायचं राहून जातं.

याच आठवड्यात गायनॅककडे जा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. गोळीच्या पाकिटावर इथिनाइल इस्ट्राडिओल लिहिलंय का बघा आणि ते पाकीट बरोबर न्या. पर्याय भरपूर आहेत, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी असते ती, साधी कॉपर-टी, पीसीओडीसाठी काय बसतं ते त्या सांगतील. लक्षणं नवीन आहेत म्हणून न्यूरोलॉजिस्टलाही एकदा दाखवा, एमआरआय लागेल का ते तेच ठरवतील. सिगरेट बंद, कधीकधी पण नको.

आणि एक लक्षात ठेवा. ऑरा सावकाश येतो, पाचेक मिनिटं घेत पसरतो, तासाभरात जातो. तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, बोलणं बंद होणं, हे बटण दाबल्यासारखं एकदम झालं तर मायग्रेन समजून गोळी घेऊन पडून राहायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा सरळ टॅक्सीत घालून सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला. पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, आणि मुंबईत त्यातला एक तास तर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच जातो.

प्रश्न: मला जूनमध्ये स्ट्रोक झाला, वय ४५, बीपी-शुगर काही नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडलं नाही, फक्त पीएफओ सापडला. डॉक्टर बंद करा म्हणतात. भाऊ म्हणतो मॅडमनी लिहिलंय चारांतल्या एकाला असतं, सोडून दे. (बोरिवली)

उत्तर: भावाला सांगा, मॅडमनी ते निरोगी माणसाबद्दल लिहिलं होतं. तुमची गोष्ट वेगळी. साठीच्या आतला माणूस, गुठळीचा स्ट्रोक, दुसरं काहीच कारण नाही, आणि पीएफओ आहे, अशा लोकांत बंद केल्याने पुढचा स्ट्रोक टळायला मदत होते हे २०१७ मध्ये एकदम तीन मोठ्या ट्रायल्सनी दाखवलं, क्लोज, रिड्यूस आणि रिस्पेक्ट. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, याच कामासाठी २०१६ मध्ये एका डिव्हाइसला परवानगी दिली ती या रिस्पेक्टच्याच जोरावर. भोक मोठं असेल किंवा पडदा फार हलता असेल तर फायदा जास्त. तुमच्या न्यूरोलॉजिस्टला एवढंच विचारा की ठोक्यांचं लांब रेकॉर्डिंग झालंय का, म्हणजे मधूनच ठोके अनियमित होऊन गुठळी झाली नव्हती याची खात्री, आणि मग न्यूरोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांचं एकमत असेल तर करून घ्या. मायग्रेनही असेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान या अटॅकच्या वेळी घ्यायच्या ट्रिप्टान गोळ्या तुम्हाला यापुढे बंद, घरात उरलेल्या असतील तर टाकून द्या.

प्रश्न: मे महिन्यात ग्रुपबरोबर तारकर्लीला स्कूबाचं बुकिंग आहे. मला पीएफओ आहे, मायग्रेन ऑरासकट. कॅन्सल करू? पैसे परत मिळत नाहीयेत.

उत्तर: मजेची गोष्ट ही की हे सगळं प्रकरण सुरूच डायव्हर लोकांपासून झालं. खोल पाण्यातून वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, ते एरवी फुप्फुसात गाळले जातात, पण भोक असेल तर पलीकडे जाऊन मेंदूला, कण्याला त्रास देऊ शकतात. अशा त्रास झालेल्या डायव्हरांची भोकं बंद केली तर त्यातल्या काहींचा मायग्रेनही सुधारला, हे वर ज्यांचं नाव आलं त्या विल्मशर्स्ट यांनीच २००० साली लॅन्सेटमध्ये छापलं, तिथून पुढचं रामायण.

तुमचं म्हणाल तर बुडबुड्यांचा हा धोका खोल आणि लांबलेल्या डाइव्हमध्ये असतो. हौशी पर्यटकांना हात धरून उथळ पाण्यात थोडा वेळ नेतात त्यात तो फारच कमी, पण शून्य म्हणणार नाही. मला जास्त भीती वेगळीच वाटते, पाण्याखाली असताना ऑरा सुरू झाला, दिसेनासं झालं, वर उलटी आली तर काय. फॉर्मवर हार्टचा त्रास आहे का असा कॉलम असतो, तिथे खोटं लिहू नका, आधी तुमच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या. नाही म्हणाले तर स्नॉर्कलिंग करा आणि मालवणात जेवणावर ताव मारा. पैसे गेले तर गेले.

प्रश्न: माझ्या वहिनी रोज एक डोकेदुखीची गोळी घेतात, कधी दोन. इकोत पीएफओ निघाल्यापासून म्हणतात की आता कारण कळलं, ऑपरेशन होईपर्यंत गोळीवरच काढायचं. त्या रोज कल्याणहून सीएसएमटीला जातात, सकाळी डबे करून उपाशीच निघतात. सोमवार आणि चतुर्थीचे उपास वेगळे. (डोंबिवली)

उत्तर: वहिनींच्या डोकेदुखीचं कारण तुमच्या पत्रातच आहे आणि ते हृदयात नाहीये. मिक्स गोळ्या किंवा ट्रिप्टान महिन्यात दहा दिवस, साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी पंधरा दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीनेच डोकं दुखायला लागतं, आणि दुखतं म्हणून परत गोळी. अशा माणसाचं भोक बुजवा नाहीतर काहीही करा, डोकं दुखतच राहणार. गोळ्या बंद करताना पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, जास्त वाईट जातात, म्हणून एकट्याने करू नये, डॉक्टर त्याच वेळी प्रिव्हेंटिव्ह सुरू करून देतात.

बाकी उपाशीपोटी निघायचं नाही, गाडीत बसून का होईना, चपाती-भाजीचा रोल खाऊन घ्यायचा, पाण्याची बाटली नुसती मिरवायला नाही, प्यायची पण. आपल्याकडे बायका लेडीज टॉयलेटच्या भीतीने दिवसभर पाणी पीत नाहीत, त्याचं मायग्रेनशी काय नातं आहे यावर एक अख्खा अंक निघेल. उपास करायचाच असेल तर निर्जळी नको आणि चहावर चहा नको, ताक, केळं, राजगिऱ्याचा लाडू काहीतरी पोटात जाऊ दे. देव काही म्हणत नाही, मी तर नाहीच नाही.

एका साध्या वहीत महिनाभर तारीख, दुखणं किती वाजता सुरू झालं, आधी काही चमकलं का, गोळी कोणती, पाळी कधी, एवढंच लिहायला सांगा आणि ती वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे पाठवा. इकोची फाइल मागून निघाली तर द्या, पण आधी वही.